सॉरी म्हणजे नेमकं काय

वासी उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, रात्री साडेअकराला अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सकाळपासून सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर होतं, 'काप्यो छे'ची ओरड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. आम्ही दोघी मात्र दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होतो. आत्याच्या मांडीवर अण्णांचा चष्मा होता, त्यांच्याच रुमालात गुंडाळलेला. दर पाच मिनिटांनी ती गाठ सोडून चष्मा नीट आहे ना बघायची आणि परत बांधायची. दार उघडून एक तरुण डॉक्टर बाहेर आले. गुजरातबाहेरचे असावेत, मराठीचा प्रश्नच नव्हता, गुजरातीही जेमतेम. त्यांनी मास्क खाली केला, आत्यासमोर किंचित वाकले आणि म्हणाले, "आय ॲम सॉरी, माजी."

आत्याला इंग्रजी येत नाही. पण सॉरी येतं. ॲक्टिव्हाचा आरसा कोपराला लागला की पोरगा पुढे जाता जाता "सॉरी आंटी" म्हणतो. दुकानदार सुट्टे द्यायला चुकला की सॉरी म्हणतो. नातवाच्या हातून कप फुटला की सूनबाई त्याला सॉरी म्हणायला लावते. आत्याने आयुष्यभर हा शब्द ज्याच्या हातून काहीतरी चुकलंय अशाच माणसाच्या तोंडून ऐकला होता. त्या रात्री डॉक्टरांच्या तोंडून ऐकला तेव्हा तिने तोच अर्थ घेतला. मी तिच्या शेजारी उभी होते. मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते थेट भाद्रपदात. आत्याकडे त्या वर्षी सण नव्हता, म्हणून गणपतीला ती आमच्याकडे येऊन राहिली होती. आमच्या समोरच्या घरात जैन कुटुंब आहे. श्वेतांबर जैनांची संवत्सरी, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस, आणि आपली गणेशचतुर्थी बहुतेक वेळा एकाच दिवशी किंवा एका दिवसाच्या अंतराने येते, त्यामुळे आमच्याकडे बाप्पा आले की थोड्या वेळाने समोरच्या भाभी हात जोडून दारात उभ्या राहतात. त्या वर्षीही आल्या. "मिच्छामि दुक्कडम्, बेन. मन, वचन, कायाथी तमने दुभव्यां होय तो." मनानं, बोलण्यानं, देहानं तुम्हाला दुखवलं असेल तर. एवढं म्हणून थांबल्या असत्या तरी चाललं असतं, दरवर्षी तेवढंच असतं. पण त्या थांबल्या नाहीत. "पेली मोटरनी वातमां हुं वधारे पडतुं बोली गई'ती." त्या मोटरच्या गोष्टीत मी जरा जास्तच बोलून गेले, असं. उन्हाळ्यात पाण्याच्या मोटरवरून आमची खरंच कडाक्याची वाजली होती. मी त्यांचे हात धरले, माझंही चुकलं होतं ते सांगितलं, उकडीचे चार मोदक डब्यात घालून दिले.

त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "बघ, ही एवढ्याशा गोष्टीसाठी दारात येऊन हात जोडते. आणि त्या डॉक्टरनं माझा माणूस घालवला आणि नुसतं सॉरी म्हणून मोकळा झाला."

मला आधी कळेचना ती काय बोलतेय. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांच्या हातून काहीतरी चूक झाली, त्यांनी ती तिथल्या तिथे कबूल केली, आणि मी शिकलेली असून गप्प बसले, अशी तिची आठ महिने समजूत होती. ती माझ्यावरही रागावलेली होती. रोज रात्री दिवा मालवल्यावर ती हाच विचार करायची, कोणतं इंजेक्शन चुकलं असेल, किती वाजता चुकलं असेल. तिला वाटायचं, आपण खाली चहा प्यायला गेलो तेव्हाच काहीतरी झालं.

मी म्हटलं, "आत्या, अगं त्यांचं काही चुकलं नव्हतं. सॉरीचा दुसरा अर्थ आहे. त्यांना वाईट वाटलं होतं."

ती बराच वेळ समईकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग तसं सांगायचं ना गं त्यानं. वाईट वाटलं म्हणून."

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आणि जे मी वर्गात कधी नीट शिकवलं नाही ते आज इथे लिहितेय.

सॉरी हा जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग' या शब्दावरून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे 'सार', म्हणजे वेदना, ठणका. घसा दुखतो तेव्हा आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो, त्यातला सोअर आणि हा सॉरी एकाच आईची लेकरं. दुःख या अर्थाचा 'सॉरो' हा शब्द त्यांचा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्या घरचा आहे, उच्चार जवळ आल्यामुळे शेजारी येऊन बसलेला. म्हणजे मुळात सॉरी म्हणणारा माणूस 'मला आतून दुखतंय' असं सांगत होता. कशामुळे दुखतंय ते वेगळं. स्वतःच्या चुकीमुळे दुखत असेल तर ती माफी झाली, दुसऱ्याच्या दुःखामुळे दुखत असेल तर ते सांत्वन झालं. इंग्रजी माणूस दोन्हीकडे एकच शब्द वापरतो आणि प्रसंगावरून अर्थ उमजून घेतो. त्याशिवाय नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी, नाही म्हणायचं असलं तरी 'सॉरी, बट', एखाद्या घराची दैना झालेली असली तर 'सॉरी स्टेट', आणि 'यू विल बी सॉरी' म्हटलं की ती सरळ धमकी. आपण या सगळ्यातून एकच अर्थ घरी आणला, 'माझी चूक झाली' हा. बाकीचे तिकडेच राहिले, आणि नेमक्या मरणाच्या दारात त्यातला एक आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

हा गोंधळ फक्त माझ्या आत्याचा आहे असं कोणी म्हणू नये. ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांना यासाठी कायदे करावे लागले आहेत. अपघात झाला, ऑपरेशन फसलं, की समोरच्याला सॉरी म्हणायची डॉक्टरांना आणि गाडीवाल्यांना भीती वाटायची, कारण उद्या कोर्टात वकील उभा राहून विचारणार, चूक नव्हती तर सॉरी का म्हणालात? म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ साली ठरवून टाकलं की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती हा दोषाचा पुरावा धरायचा नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००६ साली माफीसाठी वेगळा कायदाच केला, ऑन्टारियोने २००९ साली. इंग्लंडमध्येही २००६ च्या कायद्यात एक कलम घातलं की माफी मागितली म्हणजे तेवढ्यावरून हलगर्जीपणा कबूल केला असं होत नाही. हाँगकाँगने २०१७ साली तेच केलं. हे सगळं वाचताना मला सारखी आत्या आठवत होती. तिने जो अर्थ घेतला तोच अर्थ तिकडचे वकील घेत होते. ती अडाणी नव्हती, त्या शब्दातच ती फट आहे.

आणि त्या फटीत दोन देश कसे अडकले तेही सांगते. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं हेरगिरी करणारं विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची हवेत टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचं विमान कसंबसं हैनानवर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीन म्हणे माफी मागा, अमेरिका म्हणे आमची चूकच नाही. शेवटी अमेरिकेने पत्र दिलं, त्यात दोन ठिकाणी 'व्हेरी सॉरी' होतं, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही फक्त हळहळ व्यक्त केली. ११ दिवसांनी माणसं सुटली. तिथे या शब्दाच्या दोन अर्थांनी २४ माणसं घरी पोचवली, आमच्याकडे त्याच दोन अर्थांनी एका बाईची आठ महिने झोप उडवली.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट मला जास्त जवळची वाटते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणजे कोणी गेल्यावर पाळायचा शोक, त्यासाठी एकत्र जमणं, रडणं, त्या काळातले सगळे विधी. आपल्याकडे दुखवट्याला जाणं म्हणतात ना, अगदी तेच, आणि आपल्या दुखवट्यातही दुखणंच आहे. त्यांनी या शब्दाचं जुनं हाड जपून ठेवलं. त्याच मूळ रहिवाशांची मुलं सरकारने कित्येक दशकं आईबापांपासून तोडून नेली होती. त्याबद्दल सरकारने सॉरी म्हणावं म्हणून तो देश वर्षानुवर्षं भांडला. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खेदाचा ठराव आणला, पण सॉरी हा शब्द काही उच्चारला नाही. तो उच्चारला केविन रड यांनी, १३ फेब्रुवारी २००८ रोजी, संसदेत उभं राहून. लोक बाहेर पडद्यांसमोर उभे राहून रडत होते. खेद आणि सॉरी यांत फरक काय असं कुणाला वाटत असेल तर त्याने तो दिवस आठवावा.

आता आपल्या शब्दांकडे येते. माफी हा शब्द मुळात अरबी, आणि त्याचा अर्थ सूट, सुटका. शेतसारा माफ, फी माफ, कर्ज माफ. म्हणजे 'माफ कर' म्हणताना मी कबूल करते की माझ्यावर तुझं देणं आहे, ते तू सोडून दे. सोडायचं की नाही हे तुझ्या हातात. क्षमा म्हणजे सोसणं, आणि संस्कृतात क्षमा हे पृथ्वीचंही नाव आहे, जी सगळं सोसते. आणि सगळ्यांत सुंदर आपलं 'पोटात घाला'. लग्नघरी पाहुण्यांना निरोप देताना आई पदर सावरून म्हणायची, "काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला हं." आईच लेकराचं पोटात घालते. ज्याला आपण असं म्हणतो त्याला आपण आईच्या जागी बसवतो. या तिन्ही शब्दांत समोरच्याला काहीतरी करायचं असतं. सॉरीत तसं नाही. ते व्याकरणाने विशेषण आहे, मी कशी आहे एवढंच सांगतं. म्हणून त्यावर उत्तरही 'इट्स ओके' एवढंच येतं, आणि आमच्या बडोद्यात 'वांधा नाही'.

मग सॉरीला मराठीत जोड नाहीच का? आहे, आणि ती बघून मी थक्क झाले. दिलगीर! आज आपण हा शब्द रस्त्याच्या खोदकामापाशी लावलेल्या पाटीवर वाचतो, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि माफीच समजतो. पण हा फारसी शब्द आहे. दिल म्हणजे काळीज आणि गीर म्हणजे पकडणारा, जहांगीरमधला जो गीर तोच. काळीज पकडलं गेलेला, म्हणजे दुःखी. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात दिलगीरचा अर्थ खिन्न, शोकाकुल असाच दिलेला आहे. म्हणजे जो प्रवास सॉरीने इंग्लंडमध्ये केला, दुखण्यापासून माफीपर्यंत, नेमका तोच दिलगीरने आपल्याकडे केला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने चालल्या. मला वाटतं यात काहीतरी खरं आहे. दुसऱ्याला दुखवल्यावर आधी स्वतःला दुखलं पाहिजे, मग तोंड उघडायचं, हे दोन्हीकडच्या जुन्या लोकांना ठाऊक होतं.

आमच्या गावाला शब्दांची काळजी करायची सवय आहे, हेही अभिमानाने सांगते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात गुजराती, मराठी, इंग्रजी, सगळ्या भाषांची कागदपत्रं एकमेकांत मिसळत. कारभारातल्या कुठल्या शब्दाला कुठे काय म्हणायचं हे पक्कं असावं म्हणून बडोद्यात १९३१ साली आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला गेला. कारकुनाच्या शब्दाने रयतेचा गैरसमज होऊ नये एवढी कळकळ एका राजाला होती. मग आजच्या दवाखान्यांनी, कॉलेजांनी ती का बाळगू नये? मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. रात्रीच्या साडेअकराला, दमलेल्या चेहऱ्याने, परक्या गावात, त्यांना जी भाषा येत होती तीत त्यांनी मनापासून दुःख सांगितलं. पण जो कोणी परगावाहून इथे येऊन डॉक्टरी शिकतो त्याला गुजरातीची आणि मराठीची चार वाक्यं पहिल्या आठवड्यात शिकवावीत, आणि त्यात एक वाक्य मरणाचं असावं. 'आम्ही सगळे प्रयत्न केले. ते गेले. मला फार वाईट वाटतंय.' एवढंच. माझी आत्या आठ महिने शांत झोपली असती.

आणि घरातल्या सॉरीबद्दलही मला बोलायचंय, कारण ते माझ्या हातून घडलेलं आहे. शाळेत पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलांना थँक यू, प्लीज, सॉरी शिकवतो. कागद फाडला, सॉरी मिस. ढकललं, सॉरी मिस. मान वळवून, दुसरीकडे बघत, पावती फाडल्यासारखं. पुढे मोठेपणी तेच, "सॉरी म्हटलं ना आता!" म्हणजे मी किंमत मोजली, विषय संपव. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी मुलांना विचारायला लागले, "कशाबद्दल सॉरी?" बहुतेकांना उत्तर यायचं नाही, नुसतं बघत राहायची. एकदा सहावीतल्या एका मुलाने शेजारच्याचा कंपास पायाखाली चेपला होता. सॉरी म्हणाला. मी विचारलं, कशाबद्दल? तो खाली बघत राहिला, चेपलेलं झाकण बोटाने सरळ करायचा प्रयत्न करत होता. मग हळूच म्हणाला, "एना पप्पाए नवो अपाव्यो'तो, मिस." त्याच्या वडिलांनी नवा घेऊन दिला होता. इतका वेळ रागाने लाल झालेला तो दुसरा मुलगा ते ऐकून रडायला लागला, आणि दोघंही एका बाकावर बसून ते झाकण सरळ करायला लागले. समोरच्या भाभींनी मोटरचं नाव घेतलं तेव्हा माझ्या मनातलं जे वितळलं ते हेच होतं. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणजे माझं दुष्कृत मिथ्या होवो. पण कुठलं दुष्कृत, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मराठीतही लपायच्या जागा आहेत, हे कबूल केलं पाहिजे. 'चूक झाली' असं म्हणतो आपण. दूध उतू गेलं, वीज गेली, तशी चूक झाली. कोणी केली ते वाक्यात कुठे दिसतच नाही. 'मी चुकले' म्हणायला जीभ जड होते, कारण तिथे मी उभी असते. त्या दिवशी मी आत्याला तसंच म्हटलं. "मी चुकले, आत्या. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. त्या रात्री तुझ्याकडे वळून मी तुला एवढं सांगायला हवं होतं. मी माझ्याच रडण्यात होते." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलली नाही. संध्याकाळी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, 'आवाहनं न जानामि' म्हणून आम्ही सगळ्यांनी बाप्पाची क्षमा मागितली, आणि आत्या एकटीच मागे थांबून कान धरून उभी राहिली. कोणासाठी ते मला कळलं. त्या डॉक्टरांचं नावही तिला ठाऊक नाही.

परवा मागच्या वाड्यातल्या वहिनींचा भाऊ गेल्याचं कळलं. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भराभर आरआयपी आणि सॉरी येत होते. माझाही अंगठा त्या अक्षरांवर गेला होता. मग फोन ठेवला, चपला घातल्या, आत्याला हाक मारली. वहिनी सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी आपली दारातच घुटमळले. आत्या सरळ आत गेली, वाकून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला फार वाईट वाटलं गं." वहिनी बाजूला सरकल्या, सतरंजीवर दोघींना पुरेल एवढी जागा केली.